वेग पाहायला जमणाऱ्या गर्दीसाठी कोल्हापुरात सुरक्षित जागा हवी: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: हौशी मोटारचालकांच्या वेगस्पर्धा, त्यांना जमणारे प्रेक्षक आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खालील परवानगीची पद्धत ठरविण्याबाबत.

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत एक नवा प्रेक्षकवर्ग तयार झाला आहे. त्याची दखल आतापर्यंत घेतली ती पोलीस ठाण्यांनी आणि परिवहन कार्यालयाने. ती आपल्या खात्यानेही घ्यावी, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. रोज कामावर जाण्यासाठी वापरायच्या मोटारीत थोडे फेरफार करून तिचा वेग, पिकअप आणि वळणावरची पकड अजमावणारे हौशी तरुण आमच्याकडे पूर्वीही होते. शिवाजी उद्यमनगरातील गॅरेजांत त्यांना नावानिशी ओळखणारे मेस्त्री असत आणि विषय तेथेच संपत असे. आता या तरुणांच्या मागे त्यांच्या गाड्या पाहायला येणारी माणसे आहेत. रविवारी सकाळी गाड्यांचे एकत्र जमणे ठरले की चालकांच्या कितीतरी पट माणसे तेथे पोहोचतात, उघड्या बॉनेटभोवती कोंडाळे करतात आणि टर्बो कोणता बसवला, रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या मांडणीत केलेला बदल, कोणत्या स्टेजचा आहे, चाकांवर किती हॉर्सपॉवर मिळाली असे नेमके प्रश्न विचारतात. त्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतात तसेच गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम करणारे कामगार असतात, आणि मुलांना सोबत घेऊन आलेले बापही असतात.

ही आवड नेमकी कशाची आहे, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यासाठी धोरण आखता येणार नाही. फॉर्म्युला वनची शर्यत दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याला ती गाडी कधी हात लावायला मिळणार नसते. हौशी स्पर्धेत मात्र स्विफ्ट असते, पोलो असते, ऑक्टेव्हिया असते, जुनी एस्टीम आणि व्हीटेक इंजिनाची होंडा सिटी असते. यांतली एखादी गाडी पाहणाऱ्याच्या घरासमोर उभी असते किंवा त्याच्या मामाने कधीतरी वापरलेली असते. आपल्या ओळखीची साधी गाडी एवढी पळू शकते, हे डोळ्यांनी पाहण्यात जो आनंद आहे तो महागड्या विदेशी मोटारीच्या वेगात नाही, असे मला वाटते. शिवाय चालकही ओळखीचा असतो, आपल्याच गल्लीतला किंवा तालमीतला. पाटाकडील तालीम आणि दिलबहार यांच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियम का भरते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या गर्दीचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

अडचण अशी की या गर्दीला उभे राहण्यासाठी कायदेशीर जागा नाही. उघड स्पर्धा घेता येत नसल्यामुळे काही जण रात्री उशिरा बाह्यवळण रस्त्यांवर किंवा औद्योगिक वसाहतींतील मोकळ्या रस्त्यांवर गाड्या पळवतात, त्याची वर्दी मोबाईलवर पोहोचते आणि पाहणारे रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहतात. चित्रण नीट यावे म्हणून ते हळूहळू पुढे सरकतात आणि गाडीला जायला उरलेली जागा अरुंद होत जाते. ताशी १४० किलोमीटर वेगातील मोटार सेकंदाला सुमारे ३९ मीटर अंतर कापते. म्हणजे एखादे कुत्रे आडवे आले तर चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचण्यापूर्वीच गाडी गर्दीच्या बऱ्याचशा भागाला ओलांडून गेलेली असते किंवा गर्दीत शिरलेली असते. चालकाने धोका स्वतःहून पत्करलेला असतो. कठड्याजवळ उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला आपण कोणता धोका पत्करला आहे याची कल्पनाही नसते. म्हणूनच या पत्रात मी चालकांपेक्षा प्रेक्षकांविषयी अधिक लिहीत आहे.

रस्त्यावरील शर्यतींचे मी समर्थन करत नाही. त्यांवर कारवाई झाली पाहिजे आणि ती कठोर झाली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८९ नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करण्यास कलम ५२ ने मनाई केली आहे. मोटार विमा पॉलिसीतही शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे अशा वेळी गाडीचे नुकसान झाले तर विमा कंपनीकडून भरपाईची अपेक्षा ठेवता येत नाही, ही गोष्ट अनेक हौशी तरुणांच्या गावीही नसते.

परंतु याच कलम १८९ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि आपले लक्ष मला तिकडे वेधायचे आहे. सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगचाचणी घेणे हा गुन्हा ठरतो तो राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय ती घेतली तर. म्हणजे संसदेने या खेळावर सरसकट बंदी घातलेली नाही; परवानगीचा अधिकार राज्याकडे सोपविला आहे. तमिळनाडूने ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस चेन्नई शहरातील साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यांवर रात्रीच्या प्रकाशात मोटार शर्यत घडवून आणली, तीत तेथील क्रीडा विकास प्राधिकरण स्वतः सहभागी होते आणि मद्रास उच्च न्यायालयासमोर आक्षेप आल्यानंतर सुरक्षिततेच्या अटींसह ती पार पडली. कोल्हापुरात एवढा मोठा घाट घालावा असे मी सुचवत नाही, आणि तेवढा खर्च या जिल्ह्यात कोणी करूही नये. मुद्दा एवढाच की संमती मागायची तर अर्ज कोणाकडे करायचा, सोबत कोणती कागदपत्रे जोडायची आणि किती दिवसांत उत्तर मिळायचे, हे एखाद्या हौशी मंडळाला आज सहजी कळत नाही. खाजगी जागा भाड्याने घेतली तरी प्रश्न सुटत नाही, कारण लोकांना प्रवेशाचा हक्क असलेली कोणतीही जागा कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक ठिकाण ठरते. त्यामुळे कायदा पाळू इच्छिणारा आयोजक पोलीस ठाणे, परिवहन कार्यालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्यात फिरत राहतो आणि कायदा न पाळणाऱ्याला कोठेच जावे लागत नाही.

अशी पद्धत घालून देणे महाराष्ट्राला नवे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयानंतर बैलगाडा शर्यती बंद झाल्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना अनुमती दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आज आयोजक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो, अटी मान्य करतो आणि शर्यत उघडपणे भरते. मुक्या जनावरांचा प्रश्न गुंतलेला असताना जे जमले, ते यंत्रांच्या बाबतीत जमू नये असे कारण मला दिसत नाही.

आता नेमके काय घेता येईल, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण वेगस्पर्धा म्हटले की अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चाकाला चाक लावून धावणाऱ्या गाड्या येतात आणि फाईल तेथेच थांबते. हौशी पातळीवर सुरुवात करण्यास सर्वांत योग्य प्रकार म्हणजे ऑटोक्रॉस. मोठ्या फरसबंद किंवा डांबरी पटांगणावर रबरी शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखला जातो, एका वेळी एकच मोटार सोडली जाते आणि तिची स्पर्धा घड्याळाशी असते. शंकू पडला तर ठरावीक सेकंद वाढविले जातात. सरळ पट्टा मुद्दामच आखूड ठेवला जात असल्यामुळे वेग महामार्गावरील रोजच्या वेगापेक्षा जास्त होत नाही, तरीही पाहणाऱ्याला चालकाचे कसब स्पष्ट दिसते. लहान गाडी येथे मोठ्या गाडीला सहज हरवते, आणि माझ्या मते प्रेक्षक खूश होण्याचे हेच खरे कारण असते.

दुसरा प्रकार पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ धावेचा, ज्याला ड्रॅग म्हणतात. यासाठी जागा अधिक लागते, कारण अंतिम रेषेनंतर गाडी थांबविण्यासाठी निदान तेवढेच, शक्यतो त्याहून जास्त अंतर मोकळे हवे. लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झाल्या आहेत. आमच्या उजळाईवाडीच्या विमानतळावर आता नियमित प्रवासी वाहतूक होत असल्याने त्या धावपट्टीचा विचारही कोणी करू नये. ड्रॅगमध्ये अशीही एक पद्धत आहे की आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापेल हे चालक आधी जाहीर करतो, मंद गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडले जाते आणि जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा बाद होतो. यामुळे पैसे ओतून इंजिन वाढविण्यापेक्षा गाडी नेमकी ओळखण्याला महत्त्व येते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी तरुण रस्त्यांवर अशाच गाड्या पळवत असत. १९५० मध्ये कॅलिफोर्नियातील सांता अॅना येथील विमानतळावर त्यांना जागा मिळाली आणि पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने तपासणी, गट आणि सुरक्षेचे नियम घालून दिले. आज त्या खेळाच्या स्पर्धा तिकीट काढून पाहिल्या जातात.

अधिकृत शिक्का असला म्हणजे प्रेक्षक सुरक्षित होतो, असे मात्र समजू नये. १९५५ मध्ये फ्रान्समधील ले मान्स येथील शर्यतीत मोटारीचे अवशेष गर्दीत घुसून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि ती जगातील नामांकित शर्यत होती. २०१९ मध्ये राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या मार्गावर दुचाकीवरून आलेल्या एकाच कुटुंबातील तिघांचा मृत्यू झाला. म्हणून परवानगीच्या अटींत पहिली अट प्रेक्षकांच्या जागेची असावी: वळणाच्या बाहेरच्या बाजूला कोणीही उभे राहू नये, मार्ग आणि गर्दी यांच्यात भक्कम अडथळे आणि मोकळा पट्टा असावा, आत शिरण्याची प्रत्येक वाट राखलेली असावी, आणि रुग्णवाहिका व अग्निशमन बंब जागेवर असल्याशिवाय पहिली गाडी सुटू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान बांधताना कुस्ती पाहणाऱ्या शेवटच्या माणसालाही आखाडा दिसेल अशी उतरती रचना करून घेतली. खेळाडूइतकाच प्रेक्षकाचा विचार करण्याची रीत या गावात शंभर वर्षांहून जुनी आहे.

या खेळासाठी लागणारी माणसेही येथे आहेत. हुपरी परिसरातील मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या, म्हणजे लहान उघड्या गाड्यांच्या शर्यतीच्या, फेऱ्या झाल्या आहेत. कृष्णराज महाडिक, ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी यांच्यासारखे कोल्हापूरचे चालक राष्ट्रीय आणि परदेशी शर्यतींत उतरले आहेत. मात्र त्या वाटेचा खर्च सामान्य घराला झेपणारा नाही. राष्ट्रीय शर्यती होणारे पूर्ण लांबीचे मार्ग कोइमतूर, चेन्नई, ग्रेटर नोएडा अशा दूरच्या ठिकाणी आहेत, आणि चेन्नईच येथून हजार किलोमीटरच्या आसपास आहे. उद्यमनगरात पिस्टनपासून गिअरपर्यंत काहीही घडविणारा कारागीर आपले काम स्पर्धेत उतरलेले पाहण्यासाठी एवढ्या दूर जाऊ शकत नाही.

मैदान दिल्याने रस्त्यावरील बेफाम गाड्या थांबतील, असा दावा मी करणार नाही. काही जणांना बेकायदेशीरपणाचीच गंमत असते आणि त्यांचा बंदोबस्त पोलिसांनीच करायचा आहे. परंतु पाहायला येणाऱ्यांतील बहुसंख्य लोक केवळ दुसरीकडे काही पाहायला मिळत नाही म्हणून तेथे जातात. त्यांना दिवसाउजेडी, सुरक्षित अंतरावरून तेच पाहायला मिळाले तर रात्रीच्या शर्यतीभोवतीची गर्दी विरळ होईल, आणि गर्दी नसेल तर पळविणाऱ्यांचा उत्साहही बराच ओसरेल. आवाजाची तक्रार येईल, ती रास्त आहे. मूळ सायलेन्सर काढलेल्या गाडीला तपासणीतच बाद करावे आणि जागा वस्ती, शाळा व रुग्णालयांपासून दूर निवडावी.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की आपण गृह व परिवहन खात्यांशी विचारविनिमय करून कलम १८९ खालील लेखी संमतीसाठी जिल्हा पातळीवर अर्ज घेणारा एक अधिकारी नेमावा, अर्जाचा नमुना मराठीत प्रसिद्ध करावा, आणि फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या राष्ट्रीय संस्थेचे नियम व तिचे पंच प्रत्येक स्पर्धेस बंधनकारक करावेत. स्पर्धक प्रौढ व परवानाधारक असावा, हेल्मेट व सीटबेल्टशिवाय त्याला सोडू नये, आणि आयोजकाने प्रेक्षकांसह सर्वांचा स्वतंत्र विमा उतरविलेला असावा. जागेसाठी औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यातील एखादे मोकळे पटांगण सुट्टीच्या दिवशी भाड्याने देता येईल का, याची पाहणी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी करावी. शासनाने नवीन बांधकामावर एक रुपयाही खर्च करण्याची सध्या गरज नाही. पावसाळ्यात डांबर निसरडे होते आणि फुटबॉल हंगामात पोलीस बंदोबस्त अपुरा पडतो, त्यामुळे पहिली ऑटोक्रॉस दिवाळीच्या आगेमागे ठेवणे सोयीचे होईल, आणि त्यासाठी अर्जाचा नमुना गणेशोत्सवापूर्वी हाती यायला हवा.

आपला विश्वासू,
एक वाहन अभियंता,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रत: मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा, मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर