रविवारच्या फोनऐवजी

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी जिन्याखालच्या पोत्यातल्या निम्म्या बटाट्यांना कोंब आले म्हणून बाबा करवादत होते आणि मी हसत होते. त्याचं कारण फोनवर सांगायचं राहून गेलं.

समुपदेशनाच्या कोर्सला सध्या आम्हाला कार्ल रॉजर्स अभ्यासाला आहेत. अमेरिकेतले, जन्म १९०२ चा. बारा वर्षांचे असताना घरचे शेतावर राहायला गेले. कॉलेजात आधी शेतकी घेतली, पुढे पाद्री व्हायला निघाले आणि शेवटी मानसशास्त्रात रमले. लहानपणी त्यांच्या तळघरात हिवाळ्याची बेगमी म्हणून बटाटे ठेवलेले असत. अंधारात त्यांना पांढुरके, लुळे कोंब फुटत आणि वरच्या छोट्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे दोन-तीन फूट वाढत जात. पुढे इस्पितळांतली खचलेली माणसं पाहताना रॉजर्सना ते कोंब आठवत. वेडीवाकडी का होईना, पण ही वाढच आहे, असं ते म्हणत.

बाबा, बँकेच्या ट्रेनिंगमधला तुमचा तो गरजांचा पिरॅमिड, खाली अन्न-पाणी आणि वर चढत मोठ्या गरजा असलेला, याच पठडीतले मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांचा. गंमत म्हणजे १९४३ च्या त्यांच्या मूळ लेखात पिरॅमिड नाहीच, तो नंतर दुसऱ्यांनी काढला. माणसातल्या चांगल्यावर आयुष्यभर लिहिणारे मॅस्लो स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला मात्र गेले नाहीत, इतका त्यांचा तिच्यावर राग होता. हे वाचलं त्या रात्री मी अकरा वाजता फोन केला होता. आई घाबरली होती ना?

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. रॉजर्स अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात मुलांच्या सल्ला केंद्रात बारा वर्षं होते. तिथे एका व्रात्य मुलाची आई यायची. मुलाला लहानपणी तुम्ही झिडकारलंत, त्यातून हे सगळं आलं, हे तिला पटवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. तिला ते पटेना. अखेर दोघांनीही हार मानली, ती निघाली आणि दारात वळून म्हणाली, तुम्ही मोठ्या माणसांनाही सल्ला देता का? मग परत बसून तिने स्वतःच्या संसाराचं दुःख सांगितलं. तिचं कुठे दुखतंय ते तिलाच ठाऊक होतं आणि रॉजर्स इतके दिवस स्वतःचंच सांगत बसले होते.

वर्गात हे ऐकताना माझे कान गरम झाले. बाबांनी गुडघ्याचं नाव काढलं की मी लगेच डॉक्टर, तेल, लिफ्टवाला फ्लॅट सुरू करते. परवाही बाबा म्हणाले, "गावची विहीर आता..." आणि मी मधेच फिजिओथेरपीचं काढलं. विहिरीचं काय झालं, बाबा? आटली, बुजवली, की तुम्हाला नुसती तिची आठवण आली होती? तेवढ्यासाठी हे पत्र. म्हणजे मला मधे बोलता येणार नाही. सावकाश लिहा. आईलाही सांगायचं असेल ते तिच्याच हाताने लिहू दे, तिच्या वतीने तुम्ही लिहू नका.

आणि हो, कोंबाळलेले बटाटे भाजीत घालू नका. डोळा राखून तुकडे करा आणि मागच्या वाफ्यात लावा.

हा पुन्हा सल्लाच झाला.

तुमची,
धाकटी