सीवर की डीवर?

सांगली

प्रिय सुध्या,

आईचा गुडघा बरा आहे, मी ठणठणीत. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुला लिहितोय.

स्टुडिओत नवं मशीन आलं. 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान चिपवाली डिस्क, ती सी ड्राइव्ह; जोडीला जुनी 2 टीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, ती डी. प्रीमियर, आफ्टर इफेक्ट्स, रिझॉल्व्ह, व्हिडिओ एडिटिंगची सगळी सॉफ्टवेअर नव्यानं टाकायची होती. तर पप्यानं सगळं डीवर टाकायला घेतलं. का, तर "सुधीरदादानं शिकवलंय, सीवर फक्त विंडोज!"

अरे, तुझा तो होस्टेलचा फतवा अजून जिवंत आहे! तेव्हा 40 जीबीच्या एकाच डिस्कचे आपण सी, डी असे तुकडे पाडायचो. सी फॉरमॅट केली तरी डीवरचे फोटो वाचायचे, तेवढं तुझं खरं. पण सॉफ्टवेअरचं काय? विंडोज नव्यानं टाकलं की जुन्या रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, नोंदी गेल्या, मग डीवरची सॉफ्टवेअरही पुन्हा इन्स्टॉल करावीच लागायची. हे म्हटलं म्हणून तू मेसमध्ये ताट सोडून उठलास. विन्याला विचार, तुझी पोळी त्यानंच खाल्ली.

आता तर सी आणि डी या दोन वेगळ्या जातीच्या डिस्क आहेत. आफ्टर इफेक्ट्स उघडताना हजारो बारक्या फायली वाचल्या जातात. हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे नुसती तबकडी फिरून यायलाच दर वेळी सरासरी 4 मिलिसेकंद, वर तबकडी वाचणारं हेड सरकायचा वेळ वेगळा. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. उलट फुटेज बघ. आपला कॅमेरा 100 एमबीपीएसनं, सेकंदाला 100 मेगाबिटनं, शूट करतो, आठ बिटांचा एक बाइट धरला की सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला 45 जीबी. एवढं ती जुनी डिस्क आरामात वाचते. म्हणून सॉफ्टवेअर सीवर आणि फुटेज डीवर. यात मी मागे हटणार नाही. तीन कॅमेऱ्यांचं लग्न असलं की हेडची पळापळ होते, तेवढा एक प्रोजेक्ट एडिट होईपर्यंत एसएसडीवर घ्यायचा.

खरी काळजी पुढेच आहे. 512 म्हणून घेतलेली डिस्क विंडोज 476 दाखवतं, त्यातही थोडी जागा मोकळी ठेवायला हवी. सॉफ्टवेअर डीवर टाकलं तरी अ‍ॅपडेटा आणि प्रोग्रामडेटा हे सॉफ्टवेअरच्या फायलींचे फोल्डर सीवरच साठत राहतात. प्रीमियरचा मीडिया कॅश, म्हणजे फुटेज पटकन दिसावं म्हणून तो बनवतो त्या तात्पुरत्या फायली, तोही मुळात तिथेच. तो सेटिंगमधून हलवता येतो, पण हार्ड डिस्कवर नेला तर पुन्हा बारक्या फायलींचं तेच रडगाणं. म्हणजे कॅशसाठी अजून एक एसएसडी हवी. हातात पैसे आहेत ते लेन्सचे. तुळशीचं लग्न झालं की ऑर्डरी सुरू, आणि मंडपातल्या अंधारात ती लेन्स मला खरंच लागणार आहे. रात्री झोप येत नाही रे. 1 टीबी घेऊ, की 500 वर भागवून उरलेले लेन्सला लावू? की यंदा दर आठवड्याला कॅश साफ करत काढू?

नागपूरची बदली झाली म्हणे? घर मिळालं का? वहिनींना नमस्कार, चिऊला पापा.

फोन करू नकोस, लिहूनच पाठव, तुझ्या अक्षरात. पप्याला दाखवायचंय. आणि तुझ्या वरातीतला नागीण डान्स अजून माझ्या डीवर आहे, तेव्हा उत्तर जरा जपून दे.

तुझा,
अज्या