तुमचं काँक्रीट तहानलेलं आहे, ताई

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

मृगाची पहिली सर परवा आमच्या यार्डात पडून गेली. यंदाचा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, संपला. त्या नऊही दिवसांत आम्ही नालीची काँक्रीटची झाकणं ओतली, आणि उचलताना फुटलेली दोन सोडली तर सगळी साइटवर गेली. एकही परत आलं नाही. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. "त्यात काय एवढं" म्हणता आणि पावसाची चौकशी करता. म्हणून लिहिते आहे. चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत तेही चारचौघांत केलंत. तुमचं नाव लिहीत नाही, तेवढं मात्र तुमचं ऐकते.

मागच्या वर्षीचा मे महिना मला अजून आठवतो. आमचं यार्ड कळमेश्वर रोडला, बाबांनी चार साच्यांवर सुरू केलेलं. बाबांच्या आजारपणानंतर मीच बघते. शिक्षण माझं कॉमर्सचं, काँक्रीट शिकले ते यार्डात उभं राहून. त्या मे महिन्यात आमची 340 झाकणं साइटवरून परत आली. वरच्या बाजूला केसासारखे बारीक तडे, काळ्या मातीला एप्रिलमध्ये पडतात तसे. नखाने खरवडलं की पांढरी भुकटी निघायची. साइटच्या इंजिनिअरने माल नाकारला, आणि तो बरोबरच होता. या झाकणांवरून शाळेची पोरं चालत जातात. माझा राग नाकारण्यावर नव्हताच. मला कारण कळत नव्हतं. क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे ताकद तपासायला ओतलेले ठोकळे, तर सगळे पास होते! सात दिवसांचे पास, अठ्ठावीस दिवसांचे पास. क्यूब पास आणि माल नापास. याचा अर्थ काय लावायचा?

ज्यांना मी विचारलं त्यांच्याबद्दल लिहायचं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. नावं घेणार नाही, पण लिहिते. एका सल्लागाराला मी फी देऊन बोलावलं. ते गाडीतून उतरले, शेडच्या सावलीत दहा मिनिटं उभे राहिले, मोबाइलवर चार फोटो काढून गेले. झाकणाला हात लावला नाही. आठ दिवसांनी दोन पानांचा रिपोर्ट आला. क्यूबचे निकाल चांगले आहेत, म्हणजे मिक्स चांगलं आहे, म्हणजे दोष कामगारांच्या हाताळणीचा. झालं. आम्हाला अॅडमिक्श्चर, म्हणजे काँक्रीटमध्ये घालायचं रसायन, विकणाऱ्याने ऑर्डर घेताना दिवसातून तीन फोन केले होते. तडे दाखवायला मी फोन केला तर महिनाभर उचलला नाही.

या सगळ्यात वाईट वागले ती मी. तो रिपोर्ट मी खरा मानला. आमचे मिस्त्री बाबांच्या वेळेपासून आहेत, बावीस वर्षं झाली. साच्याला तेल किती लावायचं, व्हायब्रेटर कधी थांबवायचा, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांनाच मी सगळ्या कामगारांपुढे तो रिपोर्ट वाचून दाखवला. ते एक शब्द बोलले नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, परत खांद्यावर टाकला आणि घरी गेले. तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, पण माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. पुढचे आठ महिने तसेच गेले, काकाजी.

म्हणून फेब्रुवारीतल्या त्या परिषदेला आले. प्रीकास्टवाल्यांची, म्हणजे आमच्यासारख्या साच्यात काँक्रीट ओतून तयार माल विकणाऱ्यांची, परिषद आपल्या नागपुरात, वर्धा रोडला होते आहे म्हटल्यावर राहवलं नाही. कापडी पिशवीत त्याच झाकणाचा एक तुकडा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. नोंदणीच्या टेबलावर पहिला प्रश्न, "साहेब नाही आले का?" दुसऱ्या एका गृहस्थांनी मला "वहिनी" म्हणून चहा कुठे आहे ते दाखवलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण यार्ड मी चालवते हे तिथे कुणाच्या मनातच येत नव्हतं.

भाषणं चांगली झाली, हे मनापासून सांगते. मेट्रोच्या पुलाचे सुटे तुकडे, सेगमेंट, यार्डात कसे ओततात आणि वर नेऊन एकाला एक कसे जोडतात ते ऐकताना मी वहीची पाच पानं भरली. कामठी रोडच्या डबल डेकर पुलाखालून मी शंभरदा गेले असेन. आता वर बघून जाते. समृद्धी महामार्गाच्या 701 किलोमीटरवर प्रीकास्टचं किती काम निघालं, तेही ऐकलं. पण आमच्यासारखी मागच्या रांगेतली माणसं झाकणं करतात, पेव्हर करतात, कंपाउंडचे खांब करतात. प्रश्नोत्तरांत मी उठले आणि विचारलं, क्यूब पास होऊनही माल वरून का फाटतो? आवाज थोडा कापला माझा. सूत्रसंचालक म्हणाले, "मॅडम, वेळ कमी आहे, स्टॉलवर विचारा." मी स्टॉलवर गेले. तीन स्टॉलवर. तिन्ही ठिकाणी पिशवीतला तुकडा काढला आणि तिन्ही ठिकाणी माझ्या हातात माहितीपत्रक आलं. तुकडा कुणी हातात घेतला नाही.

जेवणाच्या हॉलमध्ये मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. ताट वाढून घेतलं होतं, घास उतरत नव्हता. तुम्ही पहिल्या रांगेतले, छातीवर फुलाचा बिल्ला असलेले, दुपारच्या सत्राचे अध्यक्ष. ताट घेऊन थेट माझ्या टेबलाशी आलात आणि म्हणालात, "तो तुकडा आणलाय म्हणाला होतात. दाखवता?"

पुढची दहा मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात.

तुम्ही तुमचं ताट बाजूला सरकवलंत. वर्तमानपत्राची घडी फाटू न देता उलगडलीत. तुकडा दोन्ही हातांत घेऊन वजन केल्यासारखा तोललात, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेलात. मग आपल्या पाण्याच्या ग्लासात बोट बुडवून एक थेंब तुकड्याच्या वरच्या बाजूवर सोडलात. तो थेंब पसरला, तड्यांत काळी रेघ धावली, आणि तुम्ही दहा मोजेपर्यंत पाणी जिरून गेलं. मग तुकडा उलटा केलात. साच्याच्या तळाशी होती ती गुळगुळीत बाजू. तिथे दुसरा थेंब. तो मण्यासारखा उभा राहिला. तुम्ही काही बोलला नाहीत. मीही बोलले नाही. संयोजकांपैकी एक जण येऊन "सर, स्टेजवर" म्हणून गेले, तुम्ही मान हलवलीत. परत आले, परत मान हलवलीत. तुमच्या ताटातला पाटवडीचा रस्सा थंड होऊन वर तर्री जमली होती. थेंब उभाच होता.

मग म्हणालात, "तुमचं काँक्रीट चांगलं आहे, ताई. फक्त तहानलेलं आहे."

मला रडू आलं ते तेव्हा. तुम्हाला वाटलं काही चुकीचं बोललात की काय. नाही काकाजी. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी तो तुकडा हातात घेतला होता.

नंतर जे समजावलंत ते मी आता यार्डातल्या प्रत्येक नव्या पोराला सांगते. क्यूब अठ्ठावीस दिवस टाकीत, 27 अंशाच्या आसपासच्या पाण्यात डुंबत असतो. झाकण बिचारं 45 अंशांत उघड्यावर. एकाच मिक्सरमधली दोन लेकरं, एक सावलीत वाढलं, एक उन्हात. सावलीतल्याची तब्येत बघून उन्हातल्याची खात्री कशी देणार? दुपारच्या कोरड्या वाऱ्यात वरचा थर ओला असतानाच सुकतो, आकसायला बघतो, खालचा थर त्याला सोडत नाही, मग तो फाटतो. आयएस 7861 या भारतीय मानकात 40 अंशांच्या वरच्या हवेतल्या कामाला वेगळे नियमच दिलेले आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या नागपुरात तर अख्खा मे महिना त्या नियमात बसतो!

आणि मग तुम्ही आवाज खाली आणलात. टेबलावर आणखी दोघे येऊन बसले होते, त्यांना ऐकू जाणार नाही इतका खाली. विचारलंत, "राख वाढवली होती का मागच्या उन्हाळ्यात?" वाढवली होती. सिमेंट महागलं म्हणून कोराडीच्या वीज केंद्राची राख सिमेंटच्या जागी जास्त घालायला लागलो होतो. "मग पाणी मारायचे दिवस वाढवले?" नव्हते वाढवले. पाच दिवसांत झाकणं रचून ठेवत होतो. आयएस 456 हे काँक्रीटचं मानक उष्ण, कोरड्या हवेत पाणी मारायला किमान दहा दिवस सांगतं आणि राख असेल तर चौदापर्यंत न्या म्हणतं. म्हणजे चूक माझी होती. माझ्या हिशेबाच्या वहीत झालेली, आणि दोन पानांच्या रिपोर्टने मिस्त्रींच्या माथी मारलेली. तुम्ही हे मोठ्याने बोलू शकला असता. अध्यक्ष होतात, ऐकायला माणसं होती. तुम्ही आवाज खाली आणलात, हे मी विसरणार नाही.

मग स्वतःच म्हणालात, "मिस्त्रींना फोन लावा." लावला. तुम्ही विचारलंत, "मिस्त्री, तुम्हाला काय वाटते, काहून फाटते?" बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना यार्डाबाहेरच्या कुणी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर यार्डातल्याही कुणी नाही. पलीकडून क्षणभर काहीच आलं नाही. मग ते सुटलेच. "मी त सांगतच होतो ना जी. दुपारी वारं सुटलं का वरून सुकून जाते. थापीच चालत नाही. मग पाणी शिंपडा लागते." तुम्ही म्हणालात, "ते पाणी शिंपडणं तेवढं बंद करा, त्यानं वरचा थर कच्चा राहते. बाकी तुमचं काही चुकलं नाही, मिस्त्री. दुपार चुकली."

फोन ठेवल्यावर जेवणाचा कागदी रुमाल घेऊन त्यावर तीन ओळी लिहून दिल्यात. गिट्टी सावलीत ठेवा, भिजवा. दुपारी ओतू नका. झाकण झालं की लगेच झाका. मग तुकडा स्वतःच्या हातरुमालाने पुसलात, त्याच वर्तमानपत्रात परत गुंडाळून माझ्या हातात दिलात आणि न जेवता स्टेजवर गेलात.

चाळीस वर्षं पाइपच्या कारखान्यात काढलेला माणूस. तुम्हाला माझ्याकडून काही मिळायचं नव्हतं. मी सभासद नव्हते, ऑर्डर देणारी नव्हते. आपल्या धंद्यात अशी माणसं असतात, मिस्त्रींमध्ये तर पुष्कळ असतात. खुर्चीवर बसलेल्यांत कमी भेटतात. विचारणाऱ्याला लहान न करता उत्तर देणं हे काही कुठल्या कोडमध्ये लिहिलेलं नाही. शिकलेला माणूस समोरच्याची वस्तू हातात घेतो की नाही, यावरून मी आता माणसं ओळखते. सल्लागारसुद्धा.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता यार्डावर गेले. मिस्त्री वाट बघत थांबले होते. सगळ्या कामगारांपुढे रिपोर्ट वाचला होता, म्हणून सगळ्यांपुढेच माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या ना ताई, चहा ठेवतो." चहा त्यांनीच केला.

यंदा आम्ही पहाटे चारला मिक्सर लावला, नऊच्या आत बंद. पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधली. झाकण ओतलं की वर प्लास्टिक, मग भिजलेला बारदाना, पूर्ण चौदा दिवस. पाण्याचं बिल वाढलं, ते वाढू दे. रुमाल काचेखाली ठेवला आहे, तुमचं अक्षर थोडं फाकलंय पण वाचता येतं.

पुढच्या वेळी नागपूरला याल तेव्हा आमच्याकडेच उतरा. पाटवडी माझ्या आईच्या हातची, आणि तुमचं जेवण होईपर्यंत कुणाला तुकडा दाखवू देणार नाही.

काल सकाळी शेवटच्या लॉटची गाडी भरायची होती. मिस्त्री एका झाकणापाशी उकिडवे बसले होते. लोट्यात बोट बुडवून त्यांनी वरच्या बाजूला थेंब सोडला आणि मोठ्याने मोजायला लागले. दहा झाले, वीस झाले. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मिस्त्रींनी वर न बघता त्याला हाताने थांबवलं आणि मोजत राहिले. साठाला थांबले. थेंब तसाच उभा होता. मला म्हणाले, "काकाजींना सांगा."

म्हणून सांगते आहे.

तुमची,
कळमेश्वर रोडवरची ताई