बेअरिंग का ओरडत होतं

सोलापूर,
20 जानेवारी

प्रिय दिलीप,

दिवाळीत तुझं पत्र आलं आणि उत्तर लिहितोय सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरल्यावर. शिव्या घालायच्या तर आमच्या ड्रायरच्या ब्लोअरला घाल. 20 हॉर्सपॉवरची मोटर. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवल्यापासून चार-पाच महिन्यांत बेअरिंग ओरडायचंच. ग्रीस बदललं, अलाइनमेंट केली, दुसऱ्या कंपनीचं बेअरिंग घातलं. मालकांना वाटलं, मीच हलका माल आणतो.

शेवटी एक बेअरिंग ग्राइंडरनं कापलं. बाहेरच्या रिंगच्या आत आडव्या रेघा, पाट्याला नुकतीच टाकी लावल्यासारख्या! तेव्हा ट्यूब पेटली. ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज चालू-बंद करतो, त्यातलं थोडं शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, चढतं आणि ग्रीसचा थर फोडून बेअरिंगमधून बॉडीत उतरतं. दर ठिणगीला एक बारीक खड्डा. मल्टिमीटरवर काही कळेना. ओळखीच्याचा स्कोप, व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र, आणून लावला, तर काट्यांचं रान.

शाफ्टला टेकून ते व्होल्टेज बेअरिंगला वगळून बॉडीत उतरवणारे तयार ब्रश मिळतात, पण किंमत ऐकून मालक म्हणाले, "बघू." त्यांचं 'बघू' तुला माहितेय बे!

मग मीच पट्टी केली. कथील चढवलेल्या तांब्याच्या तारांची, विणलेली, गाडीच्या इंजिनाला अर्थिंगला असते तसली. एक टोक मोटरच्या बॉडीला, रंग पार खरवडून. दुसरं शाफ्टवरून पाव वेढा घेऊन खाली सोडलं, टोकाला छोटं वजन. पट्टी फिरण्याच्या दिशेनंच टाकायची, नाहीतर शाफ्ट तिला उलटी ढकलून गोळा करतो.

पहिली नवव्या दिवशी तुटली. टोकाचा लग (बोल्टला अडकवायची धातूची टोपी) पक्का बसावा म्हणून मी सोल्डर केलं होतं. ते तारातारांतून वर चढलं, आणि जिथं संपलं तिथंच बरोबर तुकडा पडला. संध्याकाळी अप्पांना दाखवला. चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस. बोटांनी चुरगाळून बघितला न् हसले. "खळ जास्त झाली की सूत तुटणारच."

आता लग नुसता दाबून बसवतो. पट्टी झिजते, एकदा बदलली. शाफ्टला तेल लागलं की ती नुसती तरंगते, म्हणून दर सोमवारी मोटर बंद करून पुसतो. वर जाळी लावलीय, कुणाचा हात नको जायला.

तिसरा महिना चालू आहे, आवाज नाही. पाचवा गेला की मालकांसमोर कापलेलं बेअरिंग ठेवणार.

तुमच्या कारखान्यातल्या पंपांना ड्राइव्ह लागलेत का? कळव. शेंगाचटणी बसवाल्याकडे दिलीय, वहिनींना सांग.

तुझा,
नागेश