तीन बोटं

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर जीभ रेटली नाही, म्हणून लिहितो. आई, दिवाळीत तू ठेचा-भाकरीचं ताट वाढलंस अन् मी ते बाजूला सारलं. ॲसिडिटी झाली म्हणालो. ते खोटं होतं. तिखटाचा कण लागला तरी तोंडात आग होते, घास आत जात नाही.

गेल्या महिन्यात नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवलं. डॉक्टर मॅडमनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. दोनच गेली. तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजलं, तेही कमीच भरलं. गालाच्या आत पांढरे, ताठ पट्टे आले आहेत. हे सुपारीचं काम. आता सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा सोडला तरी गाल पहिल्यासारखा मऊ होणार नाही, पण दुखणं वाढायचं थांबू शकतं. यातूनच काहींना कॅन्सर होतो. माझ्या गालाचा तुकडा काढून तपासला, कॅन्सर नाही. घाबरू नका.

दिवसाला सात खर्रे खात होतो. २०१२ साली गुटखा बंद झाला, अन् पानठेल्यावर डोळ्यांदेखत पन्नीत घोटून मिळणारा खर्रा मला चांगला वाटू लागला. वावरात आलो की धुऱ्यावर जाऊन खायचो. बाबा, तुमच्या बंडीच्या खिशातली पुडी मला दिसायची. माझे दात तुम्हाला दिसत असतील. दोघंही गप्प राहिलो. याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आज सोडून ३२ दिवस झाले. पहिला आठवडा झोप नव्हती, घरात सगळ्यांवर खेकसलो. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या १८००-११-२३५६ या फुकटच्या नंबरवर बोललो, त्याने धीर आला. तोंड जास्त उघडावं म्हणून सकाळ-संध्याकाळ आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरतो. एक काडी वाढली आहे.

बाबा, आजच आरशापुढे उभे राहून तीन बोटं घालून बघा. आई, तूही बघ. जेवणानंतरची तुझी साधी सुपारीही यात येते. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालातच सांगितलं आहे.

कापसाचा दुसरा वेचा झाला की दोघंही या. दाखवायचा नंबर मी सकाळीच लावून ठेवीन. येताना ज्वारीच्या कण्या आण, आई. आंबील मला खाता येते.

तुमचा,
धाकटा