आजोबा कोणत्या काठावर होते?

बोलोन्या, इटली
१५ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर नीट सांगता आलं नाही. तुझा आवाज तुटत होता आणि खरं सांगायचं तर माझाही. म्हणून लिहायला बसलो.

रविवारी लुगोला जाऊन आलो. त्या भागात सेनिओ नदी आहे. नदी कसली, आपला ओढा बरा! आजोबांच्या लढाईतली नदी म्हणजे केवढी तरी असणार, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. पण पुराच्या पाण्यासाठी दोन्ही अंगांना घातलेले मातीचे बांध पाहिले आणि छाती दडपली. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, हल्ला झाला तिथे पाणी पंधराएक फूट रुंद आणि बांध तीस-पस्तीस फूट उंच होते. जर्मनांनी त्या बांधांच्या पोटात खंदक खणले होते, उतारावर सुरुंग पेरले होते. ९ एप्रिलच्या संध्याकाळी आजोबांची पलटण, मराठ्यांची पहिली, जंगी पलटण, तिथे चालून गेली. एका कंपनीने अलीकडचा बांध घ्यायचा आणि तीन मिनिटांनी दुसरीने पाण्यातून पलीकडे जायचं, असं ठरलं होतं.

याच पलटणीतल्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला तो इथलाच. कंपनी कमांडरसह काही जण जखमी होऊन पडले. जाधवांनी त्यांतल्या दोघांना एकेक करून उचलून पाण्यातून, सुरुंगांमधून बांधावर चढवून सुरक्षित जागी नेलं. दोन खेपा केल्या. मग परत फिरून मशिनगनचे मोर्चे गाठले. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून पलटणीची आरोळी ठोकली आणि मागच्यांना बोलावून घेतलं.

आजोबा त्या मागच्यांत होते का? विचारलं की म्हणायचे, "पाणी छातीला लागलं होतं," आणि उठून गोठ्यात जायचे. या एका वाक्यापलीकडे आपल्याला काय मिळालं सांग.

बांधावर चढताना मात्र त्यांची काठी आठवली. शेतावर जाताना ते कुणालाच पुढे जाऊ द्यायचे नाहीत. काठीने जमीन चाचपत आधी स्वतः बांध चढायचे आणि मग मागे वळून म्हणायचे, "माझ्या पावलावर पाय ठेवा." बाबा वैतागायचे, आम्ही पोरं नक्कल करायचो. सापासाठी करतात असंच सगळे समजायचो. सापासाठीही असेल, मी छातीठोक सांगत नाही. पण इथे उभं राहिल्यावर तसं वाटेना.

आणि तुझी वेणी, आत्या! आजी आजारी होती त्या वर्षी रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ते तुझी वेणी घालायचे, इतकी घट्ट की तुझे डोळे ताणले जायचे. ही गोष्ट तू शंभरदा सांगितली असशील. पुरुषाने वेणी घालायची म्हणून गल्ली हसली होती आणि ते म्हणाले होते, "पलटणीत दोर वळायला शिकलोय, वाया का घालवू?" पलटणीत शिपाई होते, नंतर शाळेतही शिपाईच. पेन्शन नाही, शौर्यपदक नाही. इटलीत लढलेल्यांना द्यायचे ते इटली स्टार पदक मिळालं, ते आजीच्या सुईदोऱ्याच्या डब्यात पडून. तरी पगाराच्या दिवशी पहिली वही तुझी यायची, मग बाबांची, आणि स्वतःच्या चपलेला तिसऱ्यांदा टाके.

परतण्याआधी फोर्लीलाही गेलो. भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. ज्यांना अग्नी दिला, त्यांच्यासाठी तिथेच वेगळं स्मारक आहे, साडेसातशेहून जास्त नावांचं. मी उगीचच आपलं आडनाव शोधत बसलो. आजोबा घरी परतले होते, हे ठाऊक असून.

एक काम कर. माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेत त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे पलटणीतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, असेल. दमा आहे तुला, स्वतः चढू नकोस, दादाला सांग. कंपनीचा उल्लेख कुठे दिसला तर त्या पानाचा फोटो पाठव. त्यावरून कदाचित कळेल, त्या संध्याकाळी ते अलीकडच्या काठावर होते की पाण्यात.

तुझा,
बारक्या