मंत्रिमहोदय, आम्ही पाडलेला माणूस आपण पुन्हा उभा केलात

मा. मंत्रिमहोदय, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

2021 च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत जी 23 गावे घेण्यात आली, त्यांपैकी एका गावात मी राहतो. आमच्या भागातील ज्या पुढाऱ्याला आम्ही मतदारांनी घरी बसवले होते, त्याचा गेल्या आठवड्यात आपल्या पक्षात समारंभपूर्वक प्रवेश झाला आणि त्याच्या गळ्यात आपण स्वतःच्या हाताने उपरणे घातलेत. पिण्याच्या पाण्याची लाइन दिवाळीआधी सुरू होईल, असे याच गृहस्थांनी आमच्या सोसायटीच्या सभेत छातीठोकपणे सांगितले होते. लाइन आली नाही. ते मात्र सत्तेच्या पंगतीत परत बसले.

आमच्याकडे आजही टँकर येतो. टाकीत पाइप सोडण्याआधी चालक पहिले गढूळ पाणी रस्त्यावर सोडून देतो आणि आम्ही ते वाहून जाताना पाहत उभे राहतो. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण सापडू लागले, तेव्हापासून माझी पत्नी पाणी उकळल्याखेरीज घरात कुणाला घोटभरही पिऊ देत नाही. गॅस, टँकरची वर्गणी आणि मिळकतकर, हे सारे माझ्या एका निवृत्तिवेतनातून जाते. कर भरायला एक दिवस उशीर झाला तर दंड आम्हाला; पाण्याला वर्षानुवर्षे उशीर झाला तर दंड कोणाला, हे आपण मला सांगावे.

पक्षांतरबंदीचा कायदा 1985 साली झाला, 2003 च्या दुरुस्तीने एक-तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर अपात्रतेतून सुटण्याची पळवाटही बंद झाली, आणि त्यानंतरही 2022 व 2023 मध्ये याच राज्यात दोन पक्ष उभे फुटले. कायदा फार तर निवडून आलेल्या सदस्याला अडवील; पडलेल्या माणसाला सन्मानाने आत घेणाऱ्या पक्षाला कोण अडवणार? मतदाराने एका दारातून हाकललेला माणूस दुसऱ्या दारातून आत येतो आणि दोन्ही दारांच्या किल्ल्या आपल्याच लोकांकडे असतात.

खेळाचे नियमही आपणच ठरवता. पुण्यात 2012 ला दोन सदस्यांचा प्रभाग होता, 2017 ला चार सदस्यांचा झाला. मग एका सरकारने तीनचा निर्णय घेतला आणि दुसऱ्याने तो फिरवून पुन्हा चार केले. चारांच्या प्रभागात गटाराची तक्रार घेऊन गेले की प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतो. त्यातही मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे राज्यघटना सांगत असताना मार्च 2022 पासून 2026 च्या जानेवारीतील निवडणुकीपर्यंत या शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला, आणि आमच्यासारख्या नव्याने घेतलेल्या गावांना त्या काळात कर होता पण नगरसेवक नव्हता. सरकारे बदलली, तरी ठेकेदार, त्यांचे पाठीराखे आणि फाइल कुठे थांबवायची हे जाणणारे लोक आम्हाला तेच दिसत राहिले.

प्रस्थापितांना मतपेटीतून हटवता येते, यावर माझा विश्वास उरलेला नाही, आणि तो घालवण्यात आपल्या त्या समारंभाचा मोठा वाटा आहे. तरीही दोन मागण्या करतो. आमच्या गावच्या पाणीयोजनेचे वेळापत्रक जबाबदार अधिकाऱ्याच्या नावासह लेखी जाहीर करावे. आणि आपल्या नव्या सहकाऱ्याला घेऊन आपण एकदा आमच्या सोसायटीच्या सभेस यावे. दिवाळीच्या आश्वासनाचे काय झाले, याचे उत्तर त्यांनी आपल्यासमोर द्यावे.

आपला,
एक करदाता, पुणे